डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र

आमच्या शाळेच्या वार्षिकात दरसाल एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. आजवर ह्या पानांवर बहुधा धर्मोपदेशक, देशभक्त व कवी यांची चरित्रे येत आली. यंदा आम्ही एका शास्त्रज्ञ विदुषीचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. त्याचे कारण एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न होय. वर्गात रक्ताभिसरणाचा धडा चालला असता ती उभी राहिली आणि तिने विचारले की, हात थकतात, पाय थकतात, तर हृदय का थकत नाही, आणि ते रात्रंदिवस चालते तर त्यास अन्न केव्हा व कसे मिळते? ह्या प्रश्नाचे उत्तर देता देता आम्हांस डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे नाव घ्यावे लागले, आणि वर्गातील एकाही मुलास ते नाव ठाऊक नाही असे आढळून आले. ती उणीव भरून काढावी, ह्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. मनुष्याचे हृदय एका दिवसात सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. इतके श्रम करणाऱ्या ह्या स्नायूस इंधन लागते व ते त्यास रक्तातून मिळते. त्यात स्निग्ध पदार्थांचा वाटा मोठा असून शर्करेचाही उपयोग होतो. परंतु चुलीत लाकूड जळते तसे हे इंधन एकदम जळत नाही. तसे झाले असते तर आपण क्षणात भाजून निघालो असतो. पेशीच्या आत ते पायरीपायरीने, अत्यंत मंद रीतीने जळते. विहीर खणताना खालची माती वर आणण्यासाठी माणसे रांगेने उभी राहतात व पाटी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जाते, हे आपण पाहिले असेल. पेशीतही अन्नातून निघालेले विद्युत्कण असेच एका द्रव्याकडून दुसऱ्या द्रव्याकडे दिले जातात. रांगेच्या शेवटी प्राणवायू असतो. तो हे विद्युत्कण स्वीकारतो व त्याचे पाणी होते. ह्या देवघेवीत जी शक्ती मोकळी होते, तिच्यावर हृदय चालते. ह्या रांगेतील एका महत्त्वाच्या हमालाचे नाव सायटोक्रोम सी असे आहे. त्याच्या अंगी लोह असून हृदयाच्या स्नायूत ते विपुल सापडते. हेच द्रव्य बटाट्यासारख्या मुक्या कंदातही आपले काम करीत असते, हे दाखविण्याचे श्रेय ज्या संशोधिकेस देतात, त्या कमलाबाई होत.

कमलाबाईंचे माहेरचे नाव कमला भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे एका सुशिक्षित मराठी कुटुंबात झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर होते, आणि जमशेटजी टाटा यांच्या औदार्याने बंगळूर येथे उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. मराठीतील विख्यात लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत ह्या कमलाबाईंच्या वडील भगिनी. एकाच घरातून एक बहीण साहित्याकडे गेली व दुसरी शास्त्राकडे वळली, आणि दोघींनीही स्वतंत्र बाण्याने आपापला मार्ग आक्रमिला. ज्या काळी पुष्कळ घरांत मुलीस चार इयत्ता शिकविणे म्हणजे फार झाले असे मानीत, त्या काळी ह्या घरात मुलींच्या हाती पुस्तके दिली गेली, ही गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विश्वविद्यालयाच्या बी.एस्सी. परीक्षेत अत्युच्च गुण मिळवून उत्तीर्ण झाल्या. वडिलांनी व चुलत्यांनी जेथे अभ्यास केला, तेथेच आपणही संशोधन करावे, ही इच्छा त्यांच्या मनात सहज उत्पन्न झाली व त्यांनी बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज धाडिला. त्या समयी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. रामन यांस १९३० साली पदार्थविज्ञानातील नोबेल पारितोषिक मिळाले होते व सर्व देशास त्यांचा अभिमान वाटत होता. कमलाबाईंच्या गुणांत काही उणे नव्हते. तथापि, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारण्यात आला.

असा नकार आल्यावर पुष्कळ जण दैवास दोष देऊन स्वस्थ बसतात. कमलाबाई बंगळुरास गेल्या व संचालकांस समक्ष भेटल्या. वडिलांनी व चुलत्यांनी रदबदली केली, तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा ह्या तरुण मुलीने गांधीजींच्या मार्गाचा अवलंब करून संस्थेतच सत्याग्रह आरंभिला. सत्याग्रह हा शब्द नंदुरबारच्या मुलांस समजावून सांगण्याची गरज नाही. १९४२ साली ह्याच गावच्या रस्त्यावर शाळकरी शिरीषकुमार व त्याचे सोबती यांनी प्राण दिले. कमलाबाईंचा सत्याग्रह एका बंद दारापुढचा व शांतपणे केलेला होता. परंतु अन्याय निमूटपणे सोसावयाचा नाही आणि प्रतिपक्ष्याचा द्वेषही करावयाचा नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच होते.

अखेर रामन यांनी त्यांस घेण्याचे मान्य केले, परंतु काही अटी घातल्या. पहिले एक वर्ष त्यांस नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे, वेळ पडल्यास रात्री उशिरापर्यंत, काम करावे लागणार होते. शिवाय त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, असेही बजावण्यात आले. कोणाही मानी मुलीस ह्या अटी बोचतील, तशा त्या कमलाबाईंसही बोचल्या. तरी त्यांनी त्या पत्करल्या, कारण आपणांस येथे शास्त्र शिकावयाचे आहे ही गोष्ट त्यांनी मनाआड होऊ दिली नाही. हा अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत, व उतारवयात त्यांनी तो जाहीर सभेत बोलूनही दाखविला. रामन यांची थोरवी त्यांनी कधी नाकारली नाही, पण स्त्रियांविषयीच्या त्यांच्या संकुचित दृष्टीवर पांघरूणही घातले नाही. थोर माणसाचा आदर करणे आणि त्याची चूक ही चूक म्हणून ओळखणे, ह्या दोन गोष्टी एका मनात नांदू शकतात, हे येथे शिकण्यासारखे आहे.

बंगळूर येथे श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. ते शिस्तीने कडक, परंतु गुणांची कदर करणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. आपल्या देशातील बहुसंख्य लोकांस मांस व अंडी नित्य मिळत नाहीत. त्यांच्या शरीराचे पोषण भाकरी आणि वरण यांवर व्हावयाचे असते. तेव्हा डाळीत काय आहे व त्यातले किती अंगी लागते, हा प्रश्न शास्त्राचा होता तसाच गरिबाच्या ताटाचाही होता. वर्ष संपले तेव्हा त्यांचे काम पाहून रामन यांची खात्री पटली व कमलाबाईंस नियमित प्रवेश मिळाला. इतकेच नव्हे, तर पुढे इतर मुलींसही त्या संस्थेत प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाईंनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्याने संपादन केली. एका मुलीने सोसलेल्या वर्षाने अनेकींची वर्षे वाचविली, असेच म्हटले पाहिजे.

पुढील शिक्षणासाठी त्या विलायतेस केंब्रिज येथे गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स हे होते. आहारात प्रथिने, पिष्ट व स्निग्ध पदार्थ यांखेरीज आणखी काही सूक्ष्म द्रव्ये आवश्यक असतात, हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांपैकी ते एक. ह्याच कामासाठी, म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधासाठी, १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले होते. प्रयोगशाळेत जागा अपुरी होती. तेव्हा डेरेक रिक्टर नामक संशोधकांनी आपले एक टेबल कमलाबाईंस दिवसा काम करण्यासाठी दिले. रात्री त्याच टेबलावर ते स्वतः झोप घेत, असे सांगतात. १९३७ च्या डिसेंबरात कमलाबाईंस न्यूनहॅम महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पुढे रिक्टर अन्यत्र गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करू लागल्या, आणि येथेच त्यांच्या हातून ते महत्त्वाचे कार्य झाले.

ते कार्य नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८८० नंतरच्या दशकात मॅकमन नावाच्या एका डॉक्टराने प्राण्यांच्या स्नायूंत एक रंगीत द्रव्य पाहिले होते, पण त्या काळच्या मोठ्या पंडितांनी त्याचे म्हणणे मानिले नाही. पुढे १९२५ साली केंब्रिज येथेच डेव्हिड केलिन यांनी कीटकांच्या पंखांचे स्नायू व यीस्ट यांत तेच द्रव्य पुन्हा पाहिले, आणि पेशीतील रंग अशा अर्थाने त्यास सायटोक्रोम हे नाव दिले. प्राण्यांच्या श्वसनात ह्या द्रव्याचे स्थान काय, हे हळूहळू स्पष्ट होत गेले. ह्या अभ्यासात हृदयाच्या स्नायूचा फार उपयोग झाला. जो स्नायू जन्मापासून मरणापर्यंत विश्रांती घेत नाही, त्याच्यात श्वसनाची सामग्री भरपूर असणार, हे उघडच आहे. परंतु झाडाझुडपांचे काय? वनस्पती श्वास घेतात हे ठाऊक होते, पण हिरव्या पानात हरितद्रव्याच्या दाट रंगाआड असले सूक्ष्म रंग दिसणे कठीण.

कमलाबाईंनी बटाटा घेतला. तो हिरवा नाही, स्वस्त आहे आणि प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. बटाट्यावरील कामावरून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असून तेथील श्वसनात त्याचा भाग आहे, असे त्यांनी दाखविले. ह्या रांगेच्या अगदी शेवटी उभे राहून प्राणवायूची गाठ घालून देणारे जे विकर असते, त्यास सायटोक्रोम ऑक्सिडेज म्हणतात. तेही फुलझाडांच्या वर्गात असल्याविषयीचे टिपण हिल व भागवत या दोघांच्या नावे १९३९ साली 'नेचर' ह्या जगप्रसिद्ध पत्रात छापून आले, आणि त्याच विषयावरील सविस्तर निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला. १९३९ साली केंब्रिज येथे त्यांचे पीएच.डी.चे काम पुरे झाले. त्यांचा प्रबंध टंकलिखित अवघ्या ४० पानांचा होता, असे सांगतात. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. खुद्द केंब्रिज विश्वविद्यालयाने स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवीधराचे हक्क १९४८ साली दिले. तेव्हा दारे केवळ आपल्याच देशात बंद होती असे नाही.

आता शास्त्रातील कार्याचे मोल कसे ठरवितात, ह्याचा विचार करू. शास्त्रज्ञ निबंध लिहितो, तेव्हा आपण कोणाच्या आधारावर उभे आहोत हे सांगण्यासाठी तो पूर्वीच्या निबंधांचा उल्लेख करतो. एखाद्या निबंधाचा पुढे किती जणांनी उल्लेख केला, ह्याची मोजदाद ठेवण्याची पद्धत अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी सुरू केली, व १९६४ पासून तशी सूची नियमित निघू लागली. ह्या मोजदादीत एका भारतीयाचे नाव फार वर आहे. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फिस्क यांच्यासह १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. त्या निबंधाचा उल्लेख हजारो संशोधकांनी केला असून जगातील सर्वाधिक उल्लेखिलेल्या निबंधांत तो गणला जातो. त्याच रीतीच्या साहाय्याने त्यांनी स्नायूंतील शक्तीचा साठा करणारी द्रव्ये शोधिली. त्यांपैकी जे एटीपी या नावाने प्रसिद्ध आहे, त्याच्याच बळावर हृदयाचा प्रत्येक ठोका पडतो.

एखादी रीत प्रत्येकास रोज वापरावी लागते, म्हणून तिचा उल्लेख वारंवार होतो. पण एखादे सत्य असे असते की ते एकदा कळले की सर्वांचे होऊन जाते, आणि मग ते प्रथम कोणी सांगितले हे कोणी लिहीत नाही. घराच्या भिंतीवरील रंगाची सगळे स्तुती करतात. पायातील दगडाचे नाव कोणी घेत नाही, परंतु घर त्याच्यावर उभे असते. वनस्पती व प्राणी एकाच रीतीने श्वसन करतात, हे आज शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असते व त्या ओळीखाली कोणाचेही नाव नसते.

ह्या पायावर पुढे केवढी इमारत चढली, ते पाहण्यासारखे आहे. १९६१ च्या सुमारास इमॅन्युएल मार्गोलियाश व त्यांचे सहकारी यांनी घोड्याच्या हृदयातून मिळविलेल्या सायटोक्रोम सीचे १०४ दुवे एकामागून एक वाचून काढिले. मग निरनिराळ्या प्राण्यांच्या व वनस्पतींच्या सायटोक्रोमशी त्यांची तुलना करण्यात आली, आणि १९६७ साली ह्या तुलनेवरून जीवसृष्टीचा वंशवृक्ष रेखाटण्यात आला. पुढे १९९६ साली असे आढळले की, पेशीचा अंत घडवून आणण्याच्या कामातही हेच द्रव्य भाग घेते. मनुष्य, घोडा, पतंग, यीस्ट, गहू व बटाटा ह्या सर्वांच्या अंतरी एकाच घडणीचे द्रव्य एकच काम करीत आहे. ज्याने ही सृष्टी निर्माण केली, त्याच्या हातचे हे एकसूत्रीपण पाहून आम्हां श्रद्धावंतांचे मस्तक सहज नम्र होते.

असो. आता पुन्हा कमलाबाईंच्या चरित्राकडे वळू. विलायतेत राहून नाव मिळविणे त्यांस अशक्य नव्हते. परंतु १९३९ साली त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला होता, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांविषयी काम केले. १९४७ साली विमाशास्त्रज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्यानेच निघत होता. त्याची प्राध्यापकी त्यांस मिळाली, आणि पुढे पुष्कळ वर्षे त्यांनी तेथे विद्यार्थी घडविले. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्या वाट्यास विलंबाने आले. तरुणपणी जे दार अडविले गेले, त्याचीच दुसरी फळी प्रौढपणी अडविली गेली, असे म्हणावयास हरकत नाही. तीही अखेर उघडली.

मुंबईतील त्यांच्या कार्यापैकी दोन गोष्टी आमच्या वाचकांच्या घरापर्यंत येऊन पोचतात. पहिली वालाची. अन्नातील प्रथिने पचविण्यासाठी आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचक घटक काम करतो. काही कडधान्यांत ह्या ट्रिप्सिनचा हात धरून ठेवणारी द्रव्ये असतात. वाल व डबल बी यांतून अशी द्रव्ये स्फटिकरूपाने वेगळी केल्याचे वृत्त कमलाबाई व त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली 'नेचर' मध्ये प्रसिद्ध केले. कडधान्यांविषयी नंतर लिहिणाऱ्या संशोधकांनी त्या कामाचा उल्लेख केलेला आढळतो. ही द्रव्ये उष्णतेने बव्हंशी निकामी होतात. आपल्या आजी वाल रात्रभर भिजवितात, मोड आणतात, सोलतात व मऊ शिजवितात, त्यात केवढा शहाणपणा आहे, हे ह्यावरून ध्यानी यावे. कच्चे किंवा अर्धेकच्चे कडधान्य मुलांस देऊ नये, इतका बोध तर प्रत्येक मातेने घ्यावाच.

दुसरी गोष्ट नीरेची. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड, माड व शिंदी यांचा गोड रस सूर्योदयापूर्वी उतरविला व आंबू दिला नाही, तर ती नीरा. तोच रस मडक्यात तसाच राहिला की आंबून त्याची ताडी होते. ही झाडे आपल्या मुलांच्या ओळखीची आहेत, आणि ताडीने किती घरांचा घात केला आहे, हेही त्यांतील कित्येकांस दुर्दैवाने ठाऊक आहे. कमलाबाईंनी दाखविले की, ताज्या नीरेत जीवनसत्त्वे व लोह यांचा चांगला अंश असून तिच्यापासून केलेल्या गुळातही त्यांतील गुण टिकतात. आदिवासी समाजातील अशक्त मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा घातली असता त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे आढळून आले. ह्या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. एकाच झाडाचा एकच रस. वेळेवर व स्वच्छ भांड्यात घेतला तर अन्न होतो, हेळसांड केली तर व्यसन होतो. मुलांच्या बुद्धीविषयीही आम्हांस हेच वाटते.

ज्या जिल्ह्यात आम्ही हे लिहीत आहोत, तेथे अक्कलकुवा व धडगावच्या पाड्यांत अशक्त बालकांचा प्रश्न काही पुस्तकातला नाही. आमच्या वर्गात सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी घेरी येऊन बसणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या पोटात काय गेले आहे, हे विचारल्याविना त्यांस गणित शिकविणे व्यर्थ होय. हृदयाच्या पेशीत इंधन कसे जळते, हे शास्त्र जाणणाऱ्या बाईंनी पुढील आयुष्य ते इंधन गरिबाच्या मुलापर्यंत कसे पोचेल, ह्या चिंतेत घालविले. एका दृष्टीने पाहता त्यांनी आपला विषय कधी बदललाच नाही.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत १९६६ साली काही स्त्रियांनी ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था काढिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पुढे १९८२-८३ साली त्या तिच्या अध्यक्षाही झाल्या. त्या संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. मुलांसाठी त्यांनी मराठीत शास्त्रविषयक पुस्तकेही लिहिली. केंब्रिजची पदवी मिळालेल्या विदुषीस दुकानातील भेसळीची चौकशी करण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

१९९८ च्या जून महिन्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीस त्यांचा सत्कार केला. ह्या परिषदेचे सर्वोच्च पद डॉ. सत्यवती ह्या एका स्त्रीनेही भूषविले होते. जिला एकेकाळी संस्थेच्या दारात बसावे लागले, तिचा सन्मान अशा परिषदेच्या सभेत व्हावा, हा काळाचा न्याय म्हटला पाहिजे. सत्काराच्या त्या समारंभातच त्या एकाएकी कोसळल्या, व लवकरच, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जुलै १९९८ रोजी, धुळे जिल्ह्यापासून वेगळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीपण ज्या प्रकारच्या मुलांसाठी त्यांनी काम केले, तशी मुले ज्या जिल्ह्यात बहुसंख्य आहेत, त्या जिल्ह्याने त्यांचे काम आपल्याकडे आलेला वारसा आहे असे मानिले, तर ते अनुचित होणार नाही.

ह्या चरित्रापासून काय घ्यावे, हे थोडक्यात सांगून लेख संपवितो. विद्यार्थिनींनो, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या गुजरातेकडे जाऊ लागल्या की आमच्या वर्गातील काही बाके रिकामी होतात, आणि त्यांत मुलींची बाके अधिक असतात. काही मुली परत येतात. काहींच्या लग्नाची वार्ता येते. त्या रिकाम्या बाकाकडे पाहताना आम्हांस वाटते की, हृदय का थकत नाही असे विचारणारी मुलगी कदाचित ह्याच बाकावर बसली असती. ज्यांस येथे बसावयास मिळत आहे, त्यांनी ती जागा सोडू नये, आणि कोणी अटी घातल्या तरी अभ्यास सोडू नये. मुलग्यांनो, आपल्या बरोबरीने बहीण शिकत असेल तर तिच्या वाटेतील एक दगड तरी आपल्या हाताने दूर करा. रिक्टरांनी आपले टेबल दिले, तेवढेही पुष्कळ असते.

पालकांस आमची विनंती इतकीच की, नारायणराव भागवतांनी केले तेवढे करावे. ते मुलीच्या वाटेत आडवे आले नाहीत, आणि दार बंद झाले तेव्हा तिच्यासाठी बोलावयास गेले.

पिठात घातलेले खमीर दिसत नाही, तरी सर्व पीठ त्याने फुगते. ह्या विश्वातील पुष्कळ चांगली कामे अशीच असतात. कमलाबाईंच्या नावाचा उल्लेख शास्त्राच्या ग्रंथांत किती वेळा झाला, हे मोजणारे मोजतील. ज्या बालकाच्या अंगात चार थेंब रक्त वाढले, ते कोणत्याही सूचीत लिहिले जात नाही. त्याची नोंद ठेवणारा निराळा आहे, आणि त्याच्या वहीत चूक होत नाही, असा आमचा विश्वास आहे.